शिकलगार, सैकल आणि जुन्या बंदुकीवरची अक्षरे

सांगली, सातारा, कोल्हापूर या भागात शिकलगार हे आडनाव ऐकले नाही असा माणूस विरळा. शाळेच्या हजेरीपटावर एखादा शिकलगार असतोच. या आडनावाचा अर्थ काय, असे वर्गात विचारले की मुले एकमेकांकडे बघतात. एखादा धीट मुलगा सांगतो, "सर, चाकू-सुऱ्यांना धार लावणारे." उत्तर चुकीचे नाही, पण ते शेवटच्या पानावरचे उत्तर आहे. पुस्तक त्याच्या फार आधी सुरू होते.

मूळ शब्द अरबी, 'सैकल'. अर्थ झिलई, लकाकी. त्याला फारसीचा 'गर' हा प्रत्यय लागला आणि 'सैकलगर' म्हणजे धातूला झिलई देणारा कारागीर तयार झाला. मराठीच्या तोंडी तो शिकलगार झाला. पंजाबकडे तो सिकलीगर झाला आणि तेथे शीख समाजातही या व्यवसायाची माणसे आहेत. आरसे काचेचे नव्हते, पोलादाचे होते, त्या काळात आरशालाही सैकल करावी लागे. म्हणूनच दिलाच्या आरशावरचा गंज काढण्याची प्रतिमा सुफी साहित्यात पुन्हा पुन्हा येते. म्हणजे हा कारागीर लढाईच्या छावणीतही होता आणि खानकाहीच्या भाषेतही होता.

तलवार, कट्यार, भाला, बंदुकीची नळी हे सगळे त्याच्या हाताखालून जात असे. त्याचे काम केवळ घासण्याचे नव्हते. उत्तम पोलादात लाटांसारखी जी नक्षी अंगचीच असते तिला 'जौहर' म्हणतात. घासल्याने ती दबते. ती वर आणण्यासाठी कारागीर कसीस, म्हणजे हिराकस, पाण्यात विरघळवून लावत असे. किती घासायचे आणि कोठे हात आवरायचा, हे त्याला ठाऊक असे. हा हात आवरण्याचा भाग आपण विसरलो आहोत. आज ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांची एखादी बंदूक भिंतीवर आहे, त्यांच्यासाठी तोच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे.

अकबराचे चाक

बंदूक हिंदुस्थानात गाजू लागली ती सोळाव्या शतकात. इ. स. १५१९ मध्ये बाबराने बाजौरचा किल्ला घेतला तेव्हा तेथल्या लोकांनी बंदूक पूर्वी पाहिलेली नव्हती. आवाज ऐकून त्यांनी प्रथम टिंगल केली, असे बाबर स्वतः आपल्या आत्मचरित्रात नोंदवतो. त्या दिवशी त्याच्यासोबत उस्ताद अली कुली हा तोफा-बंदुकांचा जाणकार होता. १५२६ च्या पानिपतावरही तो होता. ही बंदूक तोडेदार होती. तोडा म्हणजे सुताची पेटती वात, जामगी. चाप ओढला की वात खाली येते, कानाशी ठेवलेली रंजक पेटते आणि आतला बार उडतो. नंतर चकमकीची आणि टोपीची बंदूक आली तरी आपल्याकडे तोडेदार बंदूक एकोणिसाव्या शतकापर्यंत वापरात राहिली.

अकबराला बंदुकांचा शौक होता. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त बंदुकांसाठी स्वतंत्र प्रकरणे आहेत. लोखंडाचा पत्रा तिरपा गुंडाळत, घडीवर घडी चढवत, हळूहळू तापवून नळी कशी जोडत, हे तेथे दिले आहे. पूर्वीच्या नळ्या पुरता बार भरला की फुटत. या नव्या रीतीने त्या टिकू लागल्या. बादशहाच्या खास बंदुकीचे नाव होते 'संग्राम'. १५६८ मध्ये चित्तोडच्या वेढ्यात जयमल राठोड अकबराच्या गोळीने पडला तो याच बंदुकीने.

याच ग्रंथात बंदुका साफ करण्यावर एक छोटे प्रकरण आहे. पूर्वी एक नळी आतून साफ करायला एका दणकट माणसाला लोखंडी हत्यारे घेऊन बराच वेळ राबावे लागे. अकबराने एक चाक तयार करवले. बैल जोडून ते फिरवले की सोळा नळ्या थोड्या वेळात साफ होत. या यंत्राला 'बरघू' म्हणत. बंदूक साफ ठेवणे हे त्या काळी राज्यकारभाराचे काम होते, हे यावरून ध्यानात यावे.

आणि ते बरोबरच होते. काळी दारू जळते तेव्हा तिचा निम्म्याहून अधिक भाग धूर होऊन जात नाही. घन राखेच्या रूपाने मागे उरतो. ही राख हवेतला ओलावा खेचते आणि काही दिवसांत नळी आतून कुरतडते. ज्या बंदुकीतून उद्या पुन्हा बार काढायचा आहे, ती आज धुतलीच पाहिजे. तेव्हाच्या सफाईमागे हे कारण होते. आज आपल्या भिंतीवरच्या बंदुकीतून उद्या कोणीही बार काढणार नाही. कारण संपले, पण सवय उरली.

लोखंडावरचा कागद

'आईन'मध्ये आणखी एक नोंद आहे आणि उर्दू शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला ती अधिक मोलाची वाटते. शाही कारखान्यातल्या नळीवर काय काय कोरायचे याची यादी तेथे आहे: कच्च्या लोखंडाचे वजन, तयार लोखंडाचे वजन, लोखंड कोठून आणले ती जागा, कारागिराचे नाव, बनवल्याचे ठिकाण, तारीख आणि अनुक्रमांक. म्हणजे बंदुकीची नळी हा एक दस्तऐवज आहे. फक्त तो कागदावर नाही, लोखंडावर आहे.

दरबारी तवारिखांत बादशहा भेटतो, सरदार भेटतो, कधी वकील आणि शायरही भेटतो. लोहार भेटत नाही. त्याचे नाव कोठे उरले असेल तर त्याने घडवलेल्या वस्तूवर. 'अमल' हा शब्द आणि त्यापुढे कारागिराचे नाव, अशी सही जुन्या शस्त्रांवर आढळते. अमल म्हणजे 'याच्या हातचे काम'. चार-पाच अक्षरांची ती ओळ म्हणजे एका माणसाचे सगळे चरित्र असते. ती पुसली की तो माणूस इतिहासातून दुसऱ्यांदा मरतो.

टिपू सुलतानच्या बंदुका या बाबतीत अभ्यासण्यासारख्या आहेत. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले, सुलतान शहीद झाला आणि त्याची शस्त्रे लुटीत वाटली गेली. आज त्यांपैकी अनेक विलायतेच्या संग्रहांत आहेत. त्यांच्यावर वाघाच्या पट्ट्यांची 'बबरी' नक्षी असते, कोठे कोठे 'असदुल्लाहुल गालिब' ही अक्षरे वाघाच्या तोंडाच्या आकारात गुंफलेली असतात आणि सन मौलूदी असतो. हिजरी सन टिपूने बाजूला ठेवला होता. त्यात आणखी एक खुबी आहे. आपण उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितो, पण आकडे मात्र डावीकडून उजवीकडेच लिहितो. टिपूने मौलूदी सनाचे आकडेही उजवीकडून डावीकडे लिहायला लावले. ज्याला हे माहीत नाही तो सन उलटा वाचतो. एका आकड्याच्या दिशेवरून बंदूक कोणत्या दरबाराची हे कळू शकते. आता हा आकडा कोणी पॉलिश पेपरने घासून काढला तर काय उरेल? एक लोखंडी नळी.

गारदी आणि एनफिल्ड

आपल्या महाराष्ट्राचाही या कथेत वाटा आहे. पेशवाईत कवायती पायदळ उभे राहिले, त्याला गारदी म्हणत. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर इब्राहिमखान गारदी मराठ्यांच्या बाजूने लढला, पकडला गेला आणि मारला गेला. पुढे १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि 'गारदी' हा शब्द मराठीत बदनाम झाला. एकाच शब्दात निष्ठाही आहे आणि दगाही आहे. पण या पायदळाच्या हातातली बंदूक कशी होती, तिची देखभाल कोण करी, याविषयी आपण फारसे बोलत नाही.

रायफल हा शब्द आपण सैलपणे कोणत्याही बंदुकीला लावतो. वास्तविक जिच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात तीच रायफल. त्या खाचांमुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि लांबवर नेम साधतो. १८५३ च्या नमुन्याच्या एनफिल्ड रायफलीत अशा तीन खाचा होत्या आणि ७८ इंचांत त्यांचा एक फेरा पूर्ण होई. नळी मात्र ३९ इंचांचीच, म्हणजे गोळी अर्धाच फेरा घेऊन बाहेर पडे. याच रायफलीच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ चा भडका उडाला. त्यानंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांसाठी वरून तशीच, पण आतून गुळगुळीत नळीची बंदूक काढली. बाहेरून पाहून दोन्हींत फरक करणे कठीण. नळीच्या आत पाहिले तरच समजते की ही भरवशाच्या शिपायाची बंदूक होती की अविश्वासाची.

म्हणून नळीत तारेचा ब्रश घालून ती 'आरशासारखी' करणाऱ्याने हेही ध्यानात घ्यावे की, त्या खाचा म्हणजेच पुरावा आहे. चापाच्या पट्टीवरचा मुकुट, सन, लाकडी दस्त्यावर ठोकलेला शिक्का, हेही पुरावेच. लाकूड रंधून किंवा घासून नवे केले की शिक्का गेला.

गंज आणि गंज

उर्दूत 'गंज' म्हणजे खजिना. मराठीत गंज म्हणजे लोखंडाला चढणारा तांबूस थर. दोन भाषांत वावरणाऱ्या मुलांची या शब्दावर नेहमी गंमत होते. पण जुन्या शस्त्राच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी येतात.

गंज दोन प्रकारचा असतो. एक लालसर, भुसभुशीत, बोटाला लागणारा. हा जिवंत गंज. तो लोखंड खात राहतो आणि त्याला थांबवलेच पाहिजे. दुसरा गडद तपकिरी किंवा काळा, घट्ट, गुळगुळीत थर. तो शेकडो वर्षांत बसलेला असतो आणि खालच्या लोखंडाला एक प्रकारे पांघरूणच घालतो. जाणकार त्याला हात लावत नाहीत. शिवाय अनेक नळ्यांना कारखान्यातच मुद्दाम तपकिरी किंवा निळसर रंग दिलेला असे. तोही एक प्रकारचा ताब्यात ठेवलेला गंजच. इंग्रजी फौजेत पूर्वी शिपाई विटेच्या भुकटीने नळी चमकवत; त्याने नळ्या झिजत. १८१५ च्या सुमारास त्यांनी नळ्या तपकिरी करण्याची रीत स्वीकारली. म्हणजे जो तपकिरी रंग आपण 'मळ' समजून काढतो, तो पुष्कळदा मूळ रंगच असतो.

कोफ्तगरीचे काम तर याहून नाजूक. लोखंडावर बारीक आडव्या-उभ्या रेघा मारून त्यात सोन्या-चांदीची तार ठोकून बसवतात. खालून गंज आला की तार उचलली जाते. वरून एकदा घासले की सोने कापडावर आणि नळी कोरी.

काही वर्षांपूर्वी एका लग्नाच्या निमित्ताने मी एका घरी गेलो होतो. दिवाणखान्यात ठासणीची जुनी बंदूक टांगलेली होती आणि ती नव्या स्टीलच्या भांड्यासारखी चमकत होती. यजमानांनी मोठ्या प्रेमाने ती खाली काढली. लिंबू, राख, मग पॉलिश पेपर, मग व्हार्निश, असा सगळा क्रम त्यांनी सांगितला. खिडकीच्या तिरप्या उजेडात नळीवर मला 'अमल' एवढा शब्द अंधुक दिसला. त्यापुढे लोखंड कोरे होते. यजमानांच्या प्रेमात खोट नव्हती. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते, एवढेच.

मग करावे काय?

सर्वांत आधी बंदूक भरलेली नाही ना, याची खात्री. ठासणीच्या कित्येक जुन्या बंदुका भरलेल्याच राहून गेल्या आहेत आणि काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. तोंड स्वतःकडे किंवा कोणाकडेही येणार नाही असे ठेवून लाकडी काठी हलकेच नळीत सोडावी, तोंडाशी खूण करावी आणि काठी बाहेरून नळीला लावून पाहावी. काठी कानापर्यंत पोहोचत नसेल तर आत काहीतरी आहे. तेथेच थांबावे. ते काढण्याचा प्रयत्न घरी करू नये. पोलिसांना कळवून परवानाधारक कारागिराकडून ते काम करून घ्यावे.

दुसरे, काहीही करण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत. दिवा समोरून न धरता बाजूने, तिरपा धरावा. पुसट अक्षरेही उठून दिसतात. घरात किंवा मोहल्ल्यात जो कोणी फारसी-उर्दू वाचणारा असेल त्याला बोलवावे. वाचता आले नाही तरी चित्र राहते. पुढे कोणीतरी वाचेल.

तिसरे, हात. घामात मीठ असते आणि बोटांचा ठसा लोखंडावर कायमचा उमटू शकतो. रबरी किंवा स्वच्छ सुती हातमोजे घालावेत.

चौथे, सफाई. मऊ ब्रशने धूळ झटकावी. लाल, भुसभुशीत गंज असेल तेथे शिलाई मशीनचे हलके तेल बोटभर लावून एक-दोन दिवस राहू द्यावे आणि बांबूच्या कामटीने किंवा सुती कापडाने जेवढा सहज सुटेल तेवढाच काढावा. घट्ट काळा थर आला की थांबावे. कोरीव अक्षरे आणि कोफ्तगरी यांवर हा प्रयोगही करू नये. लिंबू, चिंच, राख, भांडी घासण्याची पावडर, तारेची घासणी, कानस, गंज काढण्याचे तेजाब, या सगळ्यांना बंदी. काम झाले की उरलेले तेल पुसून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्यावा. संग्रहालये हेच वापरतात.

लाकडाला व्हार्निश नको, नारळाचे किंवा जवसाचे तेलही नको. जवसाचे तेल काळवंडून चिकट होते, नारळाचे खवट होते. कोरड्या मऊ कापडाने पुसून थोडे मेण पुरे. धातूवर तेल थापले तर ते झिरपत लाकडात उतरते आणि लाकूड मऊ पडते. स्क्रू उघडण्याचा मोह टाळावा. न बसणाऱ्या पेचकसाने ओरबाडलेली खाच जाणकाराच्या नजरेला सर्वांत आधी दिसते आणि बंदुकीची किंमत तेथेच खाली येते.

पाचवे, ठेवण्याची जागा. कोकणात पावसाळ्यात हवा चार-चार महिने ओली असते. चामड्याच्या किंवा कापडी खोळीत बंदूक ठेवली की ती ओलावा धरून ठेवते. स्वयंपाकघराची, बाहेरची ओली भिंत नको. हवा खेळती राहील अशा कोरड्या जागी, थेट उन्हापासून दूर, आडवी ठेवावी. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर उत्तम. बंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी वाळवाव्यात. खंडेनवमीला शस्त्रे पुजण्याची रीत आपल्या गावोगावी आहे. पुजण्याला हरकत नाही. पण त्या निमित्ताने दरवर्षी घासणे मात्र थांबले पाहिजे.

वस्तू मौल्यवान वाटत असेल तर घरी काहीच करू नये, हा सर्वांत सोपा नियम. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे. लखनौला सांस्कृतिक संपदेच्या संवर्धनासाठी १९७६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तेथे विचारणा करता येते.

कायद्याचे दोन शब्द

१८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसाच्या हातातले हत्यार परवान्याखाली आणले. स्वतंत्र भारताचा कायदा १९५९ चा. त्याच्या कलम ४५ नुसार जी शस्त्रे कालबाह्य नमुन्याची, पुरातन मोलाची किंवा मोडकी आहेत आणि दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून चालू शकत नाहीत, त्यांना सूट आहे. 'दुरुस्ती करूनही' हे शब्द महत्त्वाचे. जी चालू शकते ती जुनी असली तरी बंदूकच. याचा निर्णय आपण घरी बसून करू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वारशाने आलेली धरून एका व्यक्तीकडे दोनच बंदुकांची मर्यादा आहे. शिवाय शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि ती परदेशी पाठवता येत नाही. ज्यांच्या घरी अशी वस्तू आहे त्यांनी कागदपत्रे नीट करून घ्यावीत. भीतीपोटी विहिरीत टाकलेल्या किंवा भंगारात दिलेल्या बंदुकीबरोबर तिच्यावरची अक्षरेही जातात.

सैकलचा नवा अर्थ

पाठ्यपुस्तकात आपल्या कारागिरांना जागा नाही, अशी तक्रार आपल्या सभा-संमेलनांत वारंवार होते. ती रास्त आहे. पण पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्याला पुरावा लागतो आणि पुराव्याचा काही भाग आपल्याच घरांत, आपल्याच भिंतींवर आहे. तो आपण पॉलिश पेपरने घासत असू तर तक्रार कोणाविरुद्ध करायची?

शिकलगाराने चारशे वर्षे शस्त्र चमकवले, कारण शस्त्राला काम होते. आता त्याचे काम बदलले आहे. ते लढत नाही, साक्ष देते. साक्षीदाराचे तोंड धुऊन त्याची जबानीच पुसून टाकायची नसते. जुन्या उस्तादांना जौहर दिसू लागले की हात थांबवता येत होता. आपल्यालाही तेवढे यायला हवे.

उर्दू शाळांतल्या मुलांना एक काम सहज देता येईल. सुटीत घरातल्या, नात्यातल्या जुन्या वस्तू पाहायच्या: तलवार, बंदूक, तांब्याची देग, अडकित्ता. वडीलधाऱ्यांना विचारून, त्यांच्यासमोर, हात न लावता पाहायचे. कोठे अक्षर दिसले तर वहीत जसेच्या तसे उतरवायचे आणि सन असेल तर तो हिजरी की मौलूदी ते शोधायचे. त्या मुलांपैकी एखादा शिकलगार असेल, तर आपल्या आडनावाचा अर्थ त्याला कोणी वेगळा सांगायला नको.